कवटीपार चुंबकीय उद्दीपन

कवटीपार चुंबकीय उद्दीपन ही डोक्याबाहेर निर्माण केलेल्या, वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मेंदूच्या ठरावीक भागातील चेतापेशींना उद्दीपित करण्याची पद्धत आहे. ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, संक्षेपाने टीएमएस, या नावानेही ती ओळखली जाते. या पद्धतीत शस्त्रक्रिया करावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही आणि व्यक्ती पूर्णपणे जागी असते. मेंदूच्या कार्याचा अभ्यास, चेतासंस्थेच्या विकारांचे निदान आणि नैराश्यासारख्या काही विकारांवरील उपचार अशा तीन कारणांसाठी तिचा वापर होतो.

मेंदूचे चित्रण करणाऱ्या एमआरआय किंवा पेट यांसारख्या पद्धती एखादे काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय असतो हे दाखवतात. तो भाग त्या कामासाठी आवश्यक आहे किंवा नाही, हे केवळ त्यांवरून ठरत नाही. टीएमएसमुळे त्या भागाच्या कार्यात काही क्षण हस्तक्षेप करून त्याचा परिणाम तपासता येतो. मात्र हा परिणाम केवळ चुंबकीय स्पंदाच्या तीव्रतेवर ठरत नाही. स्पंद पोहोचण्याच्या क्षणी मेंदू कोणत्या स्थितीत आहे, यावरही तो मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

== इतिहास ==

या पद्धतीचा पाया मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वात आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युतधारा प्रवर्तित होते, असे हे तत्त्व सांगते. शरीरातील ऊतीही विद्युतवाहक असल्याने त्यांनाही हे तत्त्व लागू पडते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९६ मध्ये प्रत्यावर्ती धारा वाहणाऱ्या मोठ्या वेटोळ्यात माणसाचे डोके ठेवून प्रयोग केले. त्यात त्या व्यक्तीला डोळ्यांसमोर प्रकाश चमकल्याचा भास झाला व भोवळ आली. १९१० मध्ये सिल्व्हेनस थॉम्पसन यांनी असेच निरीक्षण नोंदवले. हे प्रकाशाभास मेंदूतून न उद्भवता डोळ्यातील दृष्टिपटलाच्या उद्दीपनामुळे झाले असावेत, असे आज मानले जाते.

१९८० मध्ये पी. ए. मर्टन आणि एच. बी. मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवर विद्युतअग्रे लावून, जाग्या माणसाच्या मेंदूतील प्रेरक क्षेत्र विजेने उद्दीपित करून दाखवले. कवटीचे हाड विजेचे मंदवाहक असल्याने यासाठी तीव्र विद्युतदाब वापरावा लागे. त्यातील बरीचशी धारा त्वचेतून व स्नायूंतून वाहत असल्यामुळे ही चाचणी वेदनादायक होती. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर, रझा जलिनूस आणि इयान फ्रीस्टन यांनी हेच काम चुंबकीय क्षेत्राने केले. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून एक स्पंद सोडताच प्रयोगातील व्यक्तीच्या हाताचे स्नायू आकुंचन पावले आणि वेदना जवळजवळ झाल्या नाहीत. त्यांचा संक्षिप्त अहवाल ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आधुनिक टीएमएसची सुरुवात येथून मानली जाते.

== भौतिक तत्त्व ==

टीएमएस यंत्रात विद्युतभार साठवणारे धारित्र, धारा वेगाने सोडणारी कळ आणि विद्युतरोधक आवरणात बसवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे असे तीन मुख्य भाग असतात. धारित्रात साठवलेला भार वेटोळ्यातून सोडला की काही हजार अँपिअरची धारा सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरती वाहते. त्यामुळे वेटोळ्यालगत सुमारे १.५ ते २.५ टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन लगेच नाहीसे होते. ही तीव्रता रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राइतकी असली, तरी दोहोंचे कार्य वेगळे आहे. एमआरआयमधील मुख्य क्षेत्र स्थिर असते, तर टीएमएसमध्ये क्षेत्र बदलण्याचा वेग महत्त्वाचा असतो, कारण बदलाचा वेग जितका अधिक तितके प्रवर्तित विद्युतक्षेत्र प्रबळ होते.

चुंबकीय क्षेत्राला त्वचा व हाड यांचा अडथळा होत नाही. कवटीच्या आत पोहोचल्यावर ते मेंदूत विद्युतक्षेत्र निर्माण करते आणि त्यामुळे वाहणारी धारा वेटोळ्यातील धारेच्या उलट दिशेने फिरते. चेतापेशींना प्रत्यक्ष उद्दीपित करते ती ही प्रवर्तित वीज. चुंबकीय क्षेत्र ती वीज कवटीपलीकडे पोहोचवण्याचे साधन असते.

वेटोळ्याच्या आकारावरून परिणामाचा विस्तार ठरतो. गोल वेटोळ्याने मोठा भाग एकाच वेळी उद्दीपित होतो. १९८८ मध्ये जपानमधील शोगो उएनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे जोडवेटोळे वापरले. त्याच्या दोन पाळ्यांतील धारा एकमेकींच्या उलट दिशांनी फिरतात आणि जेथे त्या पाळ्या जुळतात, त्या बिंदूखाली विद्युतक्षेत्र सर्वाधिक असते. त्यामुळे मेंदूचा बराच लहान भाग निवडता येतो. अधिक खोलवर परिणाम करणारी एच-वेटोळीही नंतर विकसित झाली. परंतु खोली वाढवली की अचूकता घटते. कोणत्याही वेटोळ्याने निर्माण होणारे क्षेत्र पृष्ठभागाजवळच सर्वाधिक प्रबळ असते. जोडवेटोळ्याचा थेट परिणाम साधारणपणे डोक्याच्या पृष्ठभागापासून २ ते ३ सेंटिमीटर खोलीपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बाह्यकापर्यंत मर्यादित राहतो.

== चेतापेशींवरील परिणाम ==

प्रवर्तित विद्युतक्षेत्रामुळे चेतापेशीच्या पटलावरील विद्युतविभव बदलतो. हा बदल पुरेसा मोठा असेल, तर पेशीत आवेग निर्माण होतो. चेतापेशीच्या सर्व भागांवर असा परिणाम सारखा होत नाही. अक्षतंतूंची टोके, त्यांच्या शाखा आणि जेथे ते वळतात त्या जागा सर्वाधिक संवेदनशील असतात. बाह्यक घड्यांनी भरलेले असल्याने अक्षतंतू वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात. त्यामुळे वेटोळे त्याच जागी ठेवून केवळ काही अंशांनी फिरवले, तरी उद्दीपित होणारे तंतू बदलतात.

स्पंदामुळे उत्तेजक व निरोधक अशा दोन्ही प्रकारच्या चेतापेशी उद्दीपित होतात. त्यामुळे एका स्पंदानंतर सुरुवातीला क्रिया वाढते आणि पाठोपाठ दीर्घकाळ टिकणारा निरोध दिसून येतो. मेंदूत एखादा चालू-बंद करणारा खटका दाबावा, अशी ही क्रिया नसते. स्पंद तेथील पेशींच्या जाळ्यात एक छोटी खळबळ निर्माण करतो आणि तिचे पुढे काय होते हे त्या जाळ्याच्या रचनेवर अवलंबून असते. २००७ मध्ये मांजरांच्या दृष्टिक्षेत्रावर झालेल्या एका अभ्यासात स्पंदांच्या मालिकेनंतर चेतापेशींची स्वयंस्फूर्त क्रिया वाढली, परंतु डोळ्यांसमोरील दृश्याला मिळणारा त्यांचा प्रतिसाद घटला. एकाच ठिकाणी, एकाच उद्दीपनाने दोन विरुद्ध बदल घडून आले.

== प्रेरक क्षेत्र आणि मोजमाप ==

टीएमएसचा परिणाम सर्वांत सहज मोजता येतो तो शरीराच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या प्रेरक क्षेत्रावर. या क्षेत्राच्या हाताशी संबंधित भागावर स्पंद दिला की आवेग मेरुरज्जूमार्गे खाली येतो आणि सुमारे २० मिलिसेकंदांनी शरीराच्या विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू आकुंचन पावतात. स्नायूवर लावलेल्या विद्युतअग्रांनी नोंदल्या जाणाऱ्या या प्रतिसादाला प्रेरक प्रतिसादविभव म्हणतात. १० पैकी किमान ५ प्रयत्नांत ५० मायक्रोव्होल्टपेक्षा मोठा प्रतिसाद मिळवून देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे त्या व्यक्तीचा प्रेरक उंबरठा होय. ही पातळी व्यक्तीगणिक बदलते. म्हणून संशोधनात व उपचारात स्पंदाची तीव्रता सहसा या उंबरठ्याच्या टक्केवारीत सांगितली जाते.

व्यक्तीने तो स्नायू किंचित आवळून धरला असेल, तर तोच स्पंद कितीतरी मोठा प्रतिसाद देतो आणि उंबरठा खाली येतो. प्रत्यक्ष हालचाल न करता तिची केवळ कल्पना केली तरी प्रतिसाद वाढल्याचे आढळले आहे. स्नायू आवळलेला असताना प्रतिसादानंतर त्याची क्रिया सुमारे १०० ते ३०० मिलिसेकंद थांबते. या मूक काळाचा उत्तरार्ध बाह्यकातील निरोधामुळे घडतो आणि त्यात गॅबा या निरोधक चेतापारेषकाचा महत्त्वाचा वाटा असतो.

लागोपाठ दोन स्पंद देऊन उत्तेजन व निरोध यांचा समतोलही तपासता येतो. पहिला स्पंद उंबरठ्यापेक्षा क्षीण व दुसरा प्रबळ ठेवला, तर दोहोंत १ ते ६ मिलिसेकंदांचे अंतर असताना प्रतिसाद घटतो, तर सुमारे १० ते १५ मिलिसेकंदांचे अंतर असताना तो वाढतो. १९९३ मध्ये कुजिराई व सहकाऱ्यांनी वर्णन केलेली ही पद्धत आजही व्यापक प्रमाणावर वापरली जाते. याशिवाय, मेंदूपासून मेरुरज्जूपर्यंत आवेग पोहोचण्यास लागणारा वेळ मोजून बहुविध काठिण्यासारख्या विकारांत मार्गातील बिघाड ओळखण्यास मदत होते.

== दृष्टी, स्पर्श आणि भाषा ==

डोक्याच्या मागील बाजूस, दृष्टिक्षेत्रावर स्पंद दिल्यास काही व्यक्तींना डोळे मिटलेले असतानाही प्रकाशाचे ठिपके दिसतात. याच क्षेत्रावरील स्पंद समोरचे खरे दृश्य पुसूनही टाकू शकतो. १९८९ मध्ये व्हॅहे अमासियन व सहकाऱ्यांनी पडद्यावर क्षणभर अक्षरे दाखवली. अक्षरे दिसल्यानंतर सुमारे ८० ते १०० मिलिसेकंदांनी स्पंद दिल्यास ती ओळखता येत नव्हती. स्पंद त्यापेक्षा बराच आधी किंवा नंतर दिल्यास ती व्यवस्थित ओळखता येत होती. एखादा भाग कोणत्या क्षणी आवश्यक असतो, हे टीएमएसमुळे मिलिसेकंदांच्या अचूकतेने शोधता येते, याचे हे उदाहरण आहे.

लिओनार्डो कोहेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्तींवर केलेला अभ्यास विशेष महत्त्वाचा ठरला. अशा व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांचे दृष्टिक्षेत्र सक्रिय होते, हे मेंदूच्या चित्रणातून आधीच दिसले होते. परंतु ही क्रिया वाचनास उपयोगी आहे की केवळ सोबतीने घडते, हे स्पष्ट नव्हते. पश्चखंडावर स्पंदांची मालिका दिल्यावर अंध वाचकांच्या अक्षरे ओळखण्यात चुका होऊ लागल्या. डोळस व्यक्तींच्या स्पर्शाने अक्षरे ओळखण्याच्या क्षमतेवर मात्र तसा परिणाम झाला नाही. यावरून, न पाहणाऱ्या मेंदूतील दृष्टिक्षेत्र स्पर्शाच्या कामी येते, या निष्कर्षाला आधार मिळाला. जन्मापासून अंध असलेल्या आणि ब्रेल उत्तम वाचणाऱ्या एका महिलेने पश्चखंडाच्या दोन्ही बाजूंना झालेल्या आघातानंतर वाचनाची क्षमता गमावल्याची नोंद २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे या निष्कर्षास स्वतंत्र पुष्टी मिळाली.

डाव्या अग्रखंडातील भाषाक्षेत्रावर वेगवान स्पंद दिल्यास बोलणे काही क्षण थांबते. मेंदूतील गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी हालचाल व भाषा यांच्याशी संबंधित भागांचा नकाशा तयार करण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला जातो.

== दूरच्या भागांवरील परिणाम ==

मेंदूचे भाग तंतूंच्या जाळ्याने परस्परांशी जोडलेले असतात. त्यामुळे एका ठिकाणी दिलेल्या स्पंदाचा परिणाम तेथेच थांबत नाही. १९९७ मध्ये टोमाश पाउस व सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचालींशी संबंधित अग्रखंडातील भाग उद्दीपित करून पेट चित्रण केले. स्पंदांची संख्या वाढवली तसा त्या भागाशी जोडलेल्या दूरच्या भागांतील रक्तप्रवाहही बदलला. थेट स्पंद न पोहोचणाऱ्या खोलवरच्या भागांवरही अशा जोडण्यांमार्फत परिणाम होऊ शकतो.

टीएमएस आणि ईईजी यांचा एकत्र वापर करून हा प्रसार क्षणाक्षणाला टिपता येतो. मार्चेल्लो मास्सिमिनी, जुलिओ टोनोनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एकाच व्यक्तीच्या जागृतावस्थेतील व गाढ झोपेतील प्रतिसादांची तुलना केली. जागेपणी स्पंदामुळे निर्माण झालेली लहर मूळ जागेपासून दूरच्या भागांपर्यंत पसरली आणि सुमारे ३०० मिलिसेकंद टिकली. स्वप्नरहित गाढ झोपेत सुरुवातीचा प्रतिसाद अधिक तीव्र होता, परंतु तो पसरण्याआधीच विझला. पुढे २०१३ मध्ये या प्रतिसादाची जटिलता एका अंकात मांडणारा निर्देशांक तयार करण्यात आला. तो जागृतावस्थेत व स्वप्नावस्थेत अधिक, तर गाढ झोपेत व अनेक प्रकारच्या भुलीखाली कमी आढळतो. मेंदूच्या तीव्र दुखापतीनंतर बोलू किंवा हलू न शकणाऱ्या रुग्णांमध्ये जाणीव शिल्लक आहे का, याचा अंदाज घेण्यासाठी या निर्देशांकाचा अभ्यास सुरू आहे. ज्या रुग्णाला डोळ्यांच्या इशाऱ्यानेही उत्तर देता येत नाही, त्याच्या बाबतीत अशा चाचणीचे महत्त्व मोठे आहे.

== पुनरावर्ती उद्दीपन ==

एका स्पंदाचा परिणाम सेकंदाच्या अंशात संपतो. स्पंदांची मालिका दिल्यास परिणाम उद्दीपन थांबल्यानंतरही काही मिनिटे, क्वचित तासभर टिकू शकतो. या पद्धतीस पुनरावर्ती उद्दीपन म्हणतात. सर्वसाधारण नियमानुसार १ हर्ट्झ किंवा त्याहून कमी वारंवारतेची मालिका बाह्यकाची उत्तेजनक्षमता घटवते, तर ५ हर्ट्झ किंवा अधिक वारंवारतेची मालिका ती वाढवते.

२००५ मध्ये यिंग-झू हुआंग, जॉन रॉथवेल व सहकाऱ्यांनी थीटा-स्फोट उद्दीपन ही अधिक जलद पद्धत वर्णन केली. तीत ५० हर्ट्झ वेगाने तीन स्पंदांचा गट दिला जातो आणि असे गट सेकंदाला पाच वेळा येतात. हे गट ४० सेकंद सलग दिल्यास उत्तेजनक्षमता घटते. २ सेकंद उद्दीपन व ८ सेकंद विराम अशा क्रमाने सुमारे १९० सेकंद दिल्यास ती वाढते. दोन्ही प्रकारांत एकूण स्पंद ६०० असतात. स्पंदांची संख्या तीच असूनही केवळ मांडणी बदलल्याने परिणाम उलटतो. एनएमडीए प्रकारच्या ग्राहकांना अडवणारे औषध दिल्यास हे उत्तरपरिणाम दिसत नाहीत. चेतापेशींमधील संपर्कस्थानांची ताकद बदलण्याची, म्हणजेच शिकणे व स्मृती यांमागे असलेली लवचीकतेची प्रक्रिया येथे कार्यरत असावी, असे त्यावरून मानले जाते.

== मेंदूच्या स्थितीचे महत्त्व ==

वरील नियम सरासरीचे आहेत आणि प्रत्येक व्यक्तीत ते लागू पडत नाहीत. २०१३ मध्ये मासाशी हमादा व सहकाऱ्यांनी अनेक निरोगी व्यक्तींवर थीटा-स्फोट पद्धतीची चाचणी घेतली. कोणाची उत्तेजनक्षमता वाढली, तर कोणाची घटली, आणि समूह म्हणून पाहता ठळक परिणाम दिसून आला नाही. स्पंद त्या व्यक्तीच्या बाह्यकातील कोणत्या मध्यस्थ पेशींना उद्दीपित करतो, यावर या फरकाचा मोठा भाग अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. वय, आनुवंशिक घटक, औषधे, झोप आणि चाचणीपूर्वीची स्नायूंची हालचाल यांचाही परिणामावर प्रभाव पडतो.

युहा सिल्व्हांतो व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात हा मुद्दा स्पष्टपणे दिसतो. प्रयोगातील व्यक्तींना आधी बराच वेळ एकाच रंगाचा पडदा दाखवला आणि नंतर दृष्टिक्षेत्रावर स्पंद दिला. एरवी रंगहीन दिसणाऱ्या प्रकाशाभासांना त्यानंतर त्याच रंगाची छटा आली. स्पंद आधीसारखाच होता. बदलली होती ती त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची स्थिती. चुंबकीय उद्दीपन मेंदूत एखादा विचार, आठवण किंवा भावना बाहेरून घालू शकत नाही. मेंदूत जे आधीच चालू आहे, त्याला ते काही काळ ढळवते किंवा झुकवते.

== उपचारातील वापर ==

नैराश्य असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत डाव्या अग्रखंडाची क्रिया मंदावलेली दिसते. या निरीक्षणावरून १९९० च्या दशकाच्या मध्यात त्या भागावर वेगवान उद्दीपन देऊन पाहण्यात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये औषधांनी बरे न वाटलेल्या नैराश्याच्या रुग्णांसाठी या उपचारास परवानगी दिली. रूढ पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे उपचार दिले जातात. १० हर्ट्झचे एक सत्र सुमारे ३७ मिनिटे चालते. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थीटा-स्फोट पद्धतीचे ३ मिनिटांचे सत्र या दीर्घ सत्राच्या तोडीचे ठरले. भावनिक सक्तीचा विकार व धूम्रपान सोडणे यांसाठीही या तंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. भारतात बंगळूर येथील निम्हान्ससह काही संस्थांत त्यावर संशोधन व उपचार होतात.

उपचाराची जागा अचूक निवडणे हा कळीचा प्रश्न आहे. आरंभीच्या पद्धतीत हाताच्या प्रेरक बिंदूपासून ५ सेंटिमीटर पुढे वेटोळे ठेवले जाई. डोक्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा असल्याने अनेकदा ते इच्छित भागावर नसे. आता एमआरआय चित्रांच्या आधारे वेटोळ्याचे स्थान ठरवता येते. नैराश्याशी संबंधित असलेल्या आणि मेंदूत खोलवर असलेल्या एका भागाशी अग्रखंडातील निवडलेल्या बिंदूची जोडणी कशी आहे, यावर उपचाराचे यश अवलंबून असू शकते, असे काही अभ्यास सूचित करतात.

लोकांच्या समजुतीत हे तंत्र अनेकदा विद्युतआक्षेप उपचाराशी, म्हणजे बोलीभाषेतील ‘शॉक’शी जोडले जाते. त्या उपचारात भूल देऊन मुद्दाम आक्षेप घडवून आणला जातो. टीएमएसमध्ये आक्षेप येऊ नये अशी काळजी घेतली जाते, रुग्ण खुर्चीत जागा असतो आणि सत्रानंतर स्वतः घरी जाऊ शकतो.

== सुरक्षितता ==

डोके दुखणे, त्वचेवर टोचल्यासारखे वाटणे आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडणे हे सामान्य दुष्परिणाम असून ते सहसा लवकर थांबतात. प्रत्येक स्पंदाबरोबर वेटोळ्यातून मोठा टकटक आवाज येतो, म्हणून कानांत बोळे घालणे आवश्यक असते. सर्वांत गंभीर धोका अपस्मारासारखा आक्षेप येण्याचा आहे. तो विरळा असला, तरी अपस्माराचा पूर्वेतिहास, झोपेचा अभाव, मद्यपान व काही औषधे यांमुळे वाढतो. स्पंदांची तीव्रता, वारंवारता व विराम यांच्या सुरक्षित मर्यादा १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या आणि २००९ व २०२१ मध्ये सुधारण्यात आल्या. डोक्यात लोहचुंबकीय धातूचा तुकडा किंवा कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या व्यक्तींवर हे तंत्र सहसा वापरले जात नाही. पेसमेकरसारखे उपकरण असल्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

== मर्यादा ==

टीएमएसच्या प्रयोगांत तुलनेसाठी बनावट उद्दीपन देणे अवघड असते. खऱ्या स्पंदाबरोबर आवाज होतो आणि त्वचेलाही तो जाणवतो, त्यामुळे आपल्याला खरे उद्दीपन मिळाले की खोटे, हे व्यक्तीच्या लक्षात येऊ शकते. उपचाराच्या चाचण्यांत बनावट उद्दीपन मिळालेल्या गटातही अनेकांना बरे वाटते. म्हणून खऱ्या परिणामाचे मोजमाप करताना ही वाढ वजा करावी लागते. २०१९ मध्ये व्हर्जिनिया कोंदे व सहकाऱ्यांनी दाखवले, की आवाज व स्पर्श यांची हुबेहूब नक्कल करणारे बनावट उद्दीपनही ईईजीमध्ये खऱ्यासारखेच बरेच प्रतिसाद निर्माण करते. त्यामुळे नोंदलेल्या लहरीतील कोणता भाग चुंबकीय स्पंदाचा आणि कोणता कानावर पडलेल्या आवाजाचा, हे वेगळे करणे या क्षेत्रातील संशोधनाचे एक प्रमुख काम झाले आहे. स्पंद देताना ईईजी तपासून मेंदूची अनुकूल स्थिती येण्याची वाट पाहणारी आणि त्या क्षणी स्पंद सोडणारी यंत्रणा, हा या अडचणींतून निघालेला एक महत्त्वाचा संशोधनमार्ग आहे.